उतारवयातलं शरीर आणि मेंदू : वजनकाट्यावर न दिसणाऱ्या गोष्टी

घरातल्या वयस्कर माणसाच्या तब्येतीचा विषय निघाला की बोलणं आधी वजनावर येतं. "वजन आटोक्यात आहे ना, मग ठीक." हे वाक्य पन्नाशीत बऱ्यापैकी खरं ठरतं, पंचाहत्तरीत मात्र ते फसवू शकतं. त्या वयात आकड्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात : हे वजन कशाचं आहे, आणि गेल्या वर्षभरात ते कुठल्या दिशेनं सरकलंय? खालचे प्रश्न वयस्कर मंडळी आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसं पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. औषध, आहार किंवा व्यायाम बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

बॉडी कॉम्पोझिशन म्हणजे नेमकं काय?

शरीराच्या एकूण वजनात चरबी किती, स्नायू किती, हाडं किती आणि पाणी किती, याची वाटणी. दोन माणसं एकाच उंचीची आणि दोघंही ६८ किलोंची असू शकतात. एकाच्या मांड्या भरीव असतात, दुसऱ्याचं पोट सुटलेलं आणि पाय काडीसारखे. काट्याला दोघं सारखेच दिसतात.

वयाबरोबर ही वाटणी बदलत जाते. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण १ ते २ टक्क्यांनी घटतात आणि ताकद त्याहून वेगानं उतरते. त्याच काळात हातापायांच्या त्वचेखालची चरबी कमी होऊन पोटात, यकृतात आणि खुद्द स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबी साठू लागते. जितके स्नायू गेले तितकीच चरबी आली तर काट्यावरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून "वीस वर्षांत माझं वजन किलोभरही बदललं नाही" असं कुणी सांगितलं की मी त्यांच्या पोटऱ्यांकडे बघते.

माझा बीएमआय नॉर्मल आहे. मग काळजीचं कारण काय?

वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, हे सूत्र बेल्जियमचे अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्यांना मोठ्या लोकसमूहांचा अभ्यास करायचा होता, एकेका माणसाची तपासणी नव्हे. 'बॉडी मास इंडेक्स' म्हणजेच बीएमआय हे नाव त्याला १९७२ मध्ये अन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. समूहासाठी ते आजही उपयोगी आहे. एकट्या वयस्कर माणसासाठी मात्र त्यात दोन खोट आहेत.

पहिली, उंची कमी होते. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठ वाकते. १६० सेंटिमीटर उंची आणि ६४ किलो वजन असताना बीएमआय बरोबर २५ येतो. तीच व्यक्ती १५५ सेंटिमीटरवर आली, वजन तेवढंच राहिलं, तर तो २६.६ होतो. चरबी वाढली नाही, माणूस बुटका झाला. दुसरी खोट याहून गंभीर आहे : स्नायू जाऊन चरबी आली तरी बीएमआय हूं की चूं करत नाही. शिवाय आशियाई वंशाच्या लोकांत तुलनेनं कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका दिसू लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं २००४ मध्ये त्यांच्यासाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं.

बीएमआयच्या जोडीला टेप घ्या. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा सोपा नियम ब्रिटनमधली नाइस ही संस्थाही सांगते. त्यासाठी डोकं खाजवावं लागत नाही, एक दोरी पुरते : उंचीइतकी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा, ती कंबरेभोवती पुरली पाहिजे.

पोटाच्या घेराचा स्मरणशक्तीशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मध्यमवयातच सुरू होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ६,५८३ जणांच्या पोटाची जाडी त्यांच्या चाळिशीच्या सुरुवातीला मोजलेली होती. सरासरी ३६ वर्षांनी त्यांच्यापैकी कुणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाऊन रोजची कामंही जमेनाशी होणारा आजार, झाला ते संशोधकांनी तपासलं. पोट सर्वांत मोठं असलेल्या पाचव्या हिश्शाला, सर्वांत सपाट पोटाच्या हिश्शाच्या तुलनेत, जवळजवळ तिप्पट धोका आढळला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : एकूण वजन ठीक असूनही पोट मोठं असलेल्यांचा धोका वाढलेलाच होता.

असं का होत असावं? आतड्यांभोवतीची चरबी गप्प पडून राहत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. इन्शुलिनचा परिणाम बोथट होतो, रक्तदाब आणि मेदाचं गणित बिघडतं, आणि या सगळ्याचा मार शेवटी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो वापरतो. अशा अवयवाचा रक्तपुरवठा थोडा जरी खुंटला तरी त्याची किंमत मोजावी लागते.

मग "म्हातारपणी थोडं जाड असलेलं बरं" असं का म्हणतात?

या विषयातला सगळ्यांत जास्त घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास २० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास आला. त्यात बारीक लोकांना डिमेन्शियाचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त दिसला आणि वजन वाढत जाईल तसा तो कमी होत गेला. बातम्यांना एवढं पुरेसं होतं. लठ्ठपणा मेंदूला वाचवतो, असा अर्थ लावला गेला.

मग इतर संशोधकांनी वेळेचा हिशोब मांडला. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा 'व्हाइटहॉल टू' हा दीर्घ अभ्यास १०,३०८ जणांना घेऊन सुरू झाला होता. त्यांच्या २८ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर ५० व्या वर्षी लठ्ठ असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त निघाला. ६० किंवा ७० व्या वर्षीच्या लठ्ठपणाशी तसा संबंध दिसला नाही. आणि खरी गोम अशी, की ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचा बीएमआय निदानाच्या सुमारे ८ वर्षं आधीपासूनच इतरांपेक्षा खाली गेलेला होता. १३ लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासातही हेच चित्र होतं : निदानाच्या २० वर्षं आधीचं वजन पाहिलं तर जाडी धोक्याची, निदानाच्या तोंडावरचं वजन पाहिलं तर बारीकपणा धोक्याचा.

म्हणजे आजार माणसाच्या बोलण्या-वागण्यात दिसायच्या कितीतरी आधी शरीरात शिरलेला असतो आणि वजन खात असतो. वास येण्याची क्षमता कमी होते, जेवणातली गोडी जाते, स्वयंपाकाचा क्रम लागत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही. अशा वेळी घेतलेल्या नोंदीत वजन कमी दिसणारच. तिथे बारीकपणा आजाराचं कारण नसून बऱ्याचदा त्याची चाहूल असतो.

माझं मत विचाराल तर सत्तरीपुढच्या माणसाला "थोडं वाढलेलं वजन" म्हणून घाबरवू नये आणि त्याच्या सुटलेल्या पोटाचं कौतुकही करू नये. त्या वयात अंगावर थोडी शिल्लक असली तर आजारपणात ती कामाला येते. पण ती शिल्लक पोटावर असण्यापेक्षा मांड्यांत असलेली चांगली.

आईचं वजन काही न करता कमी झालंय. ती खूश आहे. आम्हीही व्हावं का?

नाही. ठरवून केलेला प्रयत्न नसताना ६ ते १२ महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे ६० किलोंच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारण डिमेन्शियाच असेल असं नाही. सैल झालेली कवळी, गिळताना त्रास, थायरॉइड, अनियंत्रित मधुमेह, कर्करोग, नैराश्य, भूक मारणारी औषधं, एकटेपणा, यांतलं काहीही असू शकतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. वजन उतरलं आणि त्याच सुमारास पैशांचे हिशोब चुकू लागले, तोच प्रश्न चारदा येऊ लागला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, तर दोन्ही गोष्टी एकाच भेटीत सांगा. कुटुंबं वजनाची तक्रार एका डॉक्टरांकडे आणि विसरण्याची दुसऱ्याकडे नेतात, आणि दोन्ही टोकं जुळतच नाहीत.

स्नायूंचा आणि बुद्धीचा संबंध कसा काय? स्नायू तर हालचालीसाठी असतात.

हालचालीसाठी असतातच, पण तेवढ्यासाठीच नाहीत. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं की साखर आणि इन्शुलिन दोन्ही चढे राहतात. शिवाय काम करणारा स्नायू मायोकाइन नावाचे रासायनिक निरोप रक्तात सोडतो. आयरिसिन हा त्यातला एक, २०१२ मध्ये सापडलेला. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा निरोपांमुळे मेंदूत बीडीएनएफ हे मज्जापेशींना पोसणारं प्रथिन वाढलेलं दिसतं. माणसांत हे नेमकं कसं आणि किती घडतं यावर काम चालू आहे, त्यामुळे "आयरिसिन वाढवा" म्हणून कुणी काही विकायला आलं तर दार लावून घ्या.

माणसांवरचे निरीक्षणात्मक अभ्यास मात्र बरेच आहेत. शिकागोच्या रश विद्यापीठानं डिमेन्शिया नसलेल्या ९०० हून जास्त वयस्कर लोकांच्या हातापायांची ताकद मोजून त्यांचा माग ठेवला. जास्त ताकद असलेल्यांत अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, होण्याचं प्रमाण कमी होतं. कॅनडात ६५ वर्षांपुढच्या ८ हजारांहून जास्त लोकांमध्ये स्नायू कमी असलेल्यांचं नियोजन करणं, एका कामातून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवणं, हे ३ वर्षांत जास्त वेगानं मंदावलं. स्मरणशक्तीत मात्र असा फरक दिसला नाही. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. लोक फक्त विसरण्याकडे लक्ष ठेवतात, पण चार पाहुण्यांच्या स्वयंपाकाचं नियोजन करताना होणारी दमछाक बऱ्याचदा आधी दिसते.

अमेरिकेत सत्तरीतल्या १,६३४ जणांच्या मांडीचे सीटी स्कॅन ५ वर्षांच्या अंतरानं काढले होते. ज्यांच्या मांडीच्या स्नायूंमध्ये जास्त चरबी शिरली, त्यांची बौद्धिक चाचणीतली घसरण पुढच्या वर्षांत जास्त होती, आणि वजनातला बदल हिशोबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणजे स्नायूंची प्रतही मोजायला हवी.

अशा अभ्यासांतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. मेंदू आधी मंदावला म्हणून माणूस कमी हलला आणि म्हणून स्नायू गेले, असंही असू शकतं. बहुधा दोन्ही दिशांनी थोडं थोडं घडतं.

सार्कोपेनिया म्हणजे काय, आणि घरी ओळखता येतो का?

वयामुळे स्नायू आणि ताकद एका मर्यादेपलीकडे कमी होणं म्हणजे सार्कोपेनिया. अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द ग्रीक भाषेतून घडवला. सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे टंचाई. त्याआधी याला लोक "वय झालं" एवढंच म्हणत, आणि अजूनही म्हणतात.

पक्कं निदान डॉक्टर करतील. घरी अंदाज घ्यायला तीन गोष्टी पुरतात. मात्र कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

खुर्चीतून उठणं : हात छातीवर घडी घालून, आधार न घेता, ५ वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी असं आहे. युरोपच्या निकषांत ही सीमा १५ सेकंदांची आहे.

पोटरी : सर्वांत जाड जागी टेप लावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर आशियाई निकषांप्रमाणे शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हे माप खोटं बोलतं.

चाल : नेहमीच्या वेगानं ६ मीटर चालायला ६ सेकंदांहून जास्त लागत असतील तर चाल मंदावलीय.

मुठीची पकड मोजायचं डायनॅमोमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी पकड ही आशियाई निकषांत कमजोर धरतात. यंत्र नसेल तर रोजचं जगणं बघा : बरणीचं झाकण उघडतंय का, ओला टॉवेल पिळता येतोय का, जिना चढताना कठड्याला हात किती वेळा जातो.

चालताना बोलायचं म्हटलं की वडील थांबतात. हे लक्षण आहे का?

लक्ष द्यावं असं नक्कीच आहे. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नोंदवलं की जी वयस्कर माणसं बोलण्यासाठी चालणं थांबवत, ती पुढच्या काळात जास्त पडली. चालणं वाटतं तितकं आपोआप होत नाही, त्यात लक्ष आणि नियोजन खर्ची पडतं. मंद चाल आणि विसरण्याची तक्रार दोन्ही एकत्र असतील तर पुढे डिमेन्शियाचा धोका वाढलेला दिसतो. अशा वेळी पडू नये याची तजवीज आधी करा : घरातला उजेड, निसरडी फरशी, डोळ्यांचा नंबर.

जाड आणि अशक्त, दोन्ही एकदम असू शकतं?

असू शकतं, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी अवस्था हीच. सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात तिला. भरलेलं अंग बघून कुणाला अशक्तपणाची शंका येत नाही, आणि वजन कमी करायला सांगितलं की माणूस जेवण तोडतो, त्यात उरलेसुरले स्नायूही जातात. ज्या अभ्यासांत लोकांचे गट पाडून बौद्धिक चाचण्या घेतल्या, त्यांतल्या काहींत केवळ जाड किंवा केवळ अशक्त असलेल्यांपेक्षा या दुहेरी गटाची कामगिरी खालची निघाली.

सत्तरीनंतर वजन कमी करावं का?

सरसकट नाही. गुडघे, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं अशा त्रासांमुळे डॉक्टरांनी सांगितलं असेल तर करावं, पण व्यायामाशिवाय कधीही करू नये. अमेरिकेतल्या एका चाचणीत ६५ वर्षांपुढच्या १०७ लठ्ठ आणि अशक्त व्यक्तींना वर्षभर वेगवेगळ्या गटांत ठेवलं होतं. फक्त आहार कमी करणाऱ्यांचं वजन घटलं, पण चरबीवगळता उरणारं शरीरही ५ टक्क्यांनी घटलं. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांत ही झीज ३ टक्क्यांवर राहिली आणि शारीरिक क्षमता त्यांचीच सर्वांत जास्त सुधारली.

वजन उतरवल्यानं बुद्धी टिकते का? या बाबतीत अपेक्षा आवरलेली बरी. मधुमेह असलेल्या ५ हजारांहून जास्त जाड लोकांवर अमेरिकेत जवळपास दहा वर्षं 'लुक अहेड' ही चाचणी चालली. आहार-व्यायामाचा कसोशीचा कार्यक्रम असूनही बौद्धिक घसरणीचं एकूण प्रमाण त्यात कमी झालेलं दिसलं नाही. पोट कमी करण्याची खरी वेळ चाळिशी-पन्नाशीची. हे वाचणाऱ्या मुलांनी आईवडिलांची कंबर मोजून झाली की टेप स्वतःलाही लावावा.

वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं वयस्करांनी घ्यावीत का? ती मेंदूलाही चांगली म्हणतात.

सेमाग्लुटाइड आणि त्याच्या जातीची औषधं वजन खरोखर कमी करतात. पण कमी झालेल्या वजनातला साधारण पाव ते ४० टक्के भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायूही येतात. चाळिशीतला माणूस ते भरून काढू शकतो. पंचाहत्तरीत गेलेला स्नायू परत आणायला फार कष्ट पडतात. म्हणून ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं यांची व्यवस्था आधी लावावी, मगच औषधाचा विचार करावा.

मेंदूबद्दल बोलायचं तर, सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये सेमाग्लुटाइडची गोळी देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला : आजाराची घसरण मंदावली नाही.

रोज चालतो. तेवढं पुरे नाही का?

चालणं सोडू नका. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२० वयस्करांपैकी वर्षभर नियमित चालणाऱ्या गटात हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी घडवणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांत तो आक्रसला.

पण चालण्यानं मांड्या आणि पाठ यांची ताकद फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि ३ किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्यावर भर. बहुतेक लोक पहिली गोष्ट करतात आणि इतर दोन वाऱ्यावर सोडतात.

ताकदीच्या व्यायामासाठी जिम लागतेच असं नाही. खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. फक्त एक अट : काम हळूहळू जड होत गेलं पाहिजे. सहा महिने तेच वजन तेवढंच दहा वेळा उचललं तर शरीर तिथेच थांबतं. सिडनीत सौम्य बौद्धिक घसरण असलेल्या १०० जणांवर झालेल्या चाचणीत ६ महिने चढत्या वजनांचा व्यायाम केलेल्यांची बौद्धिक कामगिरी सुधारली, आणि ताकद जितकी वाढली तितकी सुधारणा जास्त होती.

नव्वदीत सुरू करून काही उपयोग?

१९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या १० जणांना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. आठ आठवड्यांत, कार्यक्रम पूर्ण केलेल्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचे स्नायूही भरले. व्यायाम देखरेखीखाली होता, हे विसरू नका.

प्रथिनं किती घ्यावीत?

प्रौढांसाठी नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम. वृद्धांसाठी ते अपुरं आहे असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ मध्ये मांडलं आणि १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आजारपणात १.२ ते १.५. साठ किलोंच्या निरोगी माणसाला म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर हे लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

वयस्कर स्नायू प्रथिनांना उशिरा आणि कमी प्रतिसाद देतो, म्हणून सगळी प्रथिनं एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत वाटावीत. सकाळचा नाश्ता यात सर्वांत कमी पडतो. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वं तपासून घ्या. ब-१२ च्या कमतरतेनं विसरणं आणि अशक्तपणा दोन्ही येतात, ती भरून काढता येते, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं घेणाऱ्यांत ती जास्त आढळते.

पाय मुरगळला म्हणून आजी दहा दिवस झोपून होत्या. आता उठवेना.

निरोगी, सरासरी ६७ वर्षांच्या स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं तेव्हा त्यांच्या पायांतूनच जवळपास १ किलो स्नायू-भाग गेला. आजारी माणसाचं याहून जास्त जातं. म्हणून "पडून राहा, आराम करा" हा सल्ला वयस्कर माणसाला देताना जपून द्यावा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर बिछान्यातच पाय हलवणं, जेवायला खुर्चीत बसवणं, दिवसातून काही वेळा आधारानं उभं करणं पहिल्या दिवसापासून सुरू करावं. आजींसाठी फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा, आणि हे आता वयोमानच असं समजून सोडून देऊ नका.

घरच्या काट्यावर चरबीचे टक्के येतात. ते खरे मानायचे?

अंदाज म्हणून. हे काटे शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून हिशोब करतात आणि तो शरीरातल्या पाण्यावर अवलंबून असतो. पायाला सूज, लघवी जास्त होणारी गोळी, कमी पाणी पिणं, यांनी आकडा बदलतो. पेसमेकर असेल तर असा काटा वापरू नका. अचूक मापासाठी डेक्सा स्कॅन असतो, हाडांची घनता मोजायला वापरतात तोच. पण खुर्चीतून उठायला लागणारे सेकंद दर महिन्याला लिहून ठेवलेत तर मला तेही पुरेसं बोलकं वाटतं.

फक्त वजन आणि स्नायू सांभाळले की डिमेन्शिया टळतो?

नाही, असं आश्वासन कुणीच देऊ शकत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण बदलता येण्याजोगे १४ घटक मांडले. मध्यमवयातला लठ्ठपणा आणि बैठं राहणं त्यातले दोन. कमी ऐकू येणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, दृष्टिदोष हेही त्याच यादीत आहेत. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० जणांवरच्या 'फिंगर' चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं एकत्र २ वर्षं केलं, तेव्हा बौद्धिक कामगिरीत फरक दिसला. एकटेपणाही या यादीत आहे, म्हणून व्यायाम शक्यतो गटानं करा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावून जा.

बाबांना डिमेन्शियाचं निदान झालंय. आता व्यायामाचा काय फायदा?

ब्रिटनमध्ये डिमेन्शिया असलेल्या ४९४ जणांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. चार महिन्यांच्या कसून व्यायामानं अंगातली ताकद वाढली, पण बौद्धिक घसरण थांबली नाही. म्हणून स्मरणशक्ती परत येईल या आशेनं त्यांना दमवू नका. स्वतःहून उठता येणं, शौचालयापर्यंत जाता येणं, न पडणं, यासाठी मात्र हालचाल हवीच.

आणि पथ्यं सैल करा. या अवस्थेत वजन टिकवणं हेच मोठं काम असतं. जुनी कडक पथ्यं डॉक्टरांना विचारून कमी करता येतात का ते बघा, आवडीचं द्या, थोडं थोडं पण वारंवार द्या, ताटात एका वेळी एकच पदार्थ वाढा, टीव्ही बंद करा आणि शेजारी बसून तुम्हीही त्यांच्याबरोबर जेवा. समोर कुणी घास घेताना दिसलं की त्यांचाही हात ताटाकडे जातो.